शेवटच्या ठोक्यावर जोर

९ ऑगस्ट, रविवार

प्रिय ताई,

दादाकडे नीट पोचलीस ना? वहिनी लाड करून करून तुला बिघडवत असेल. इथे सगळं ठीक. क्लासमधला पंखा एकदाचा दुरुस्त झाला, आता सगळ्यांचे कागद उडतात.

तुझी रीत चालू आहे. फ्रेंच क्रियापदाचं रूप तोडायचं, प्रत्येक तुकड्याला बाकावर एक ठोका, जोर शेवटच्यावर. फि-नि-सों. न उच्चारायची अक्षरं मोजायची नाहीत, म्हणून 'पार्ल'ला एकच ठोका. क्लासातला आपला बुटका पोरगा अजून दोन देतो, वर वादही घालतो.

हे सगळं लिहितेय, कारण मुद्द्यावर यायला तोंड नाही.

मंगळवारी तू क्लासात आलीस. झटक्यात वाचा गेली आणि तुकड्यातुकड्यांनी परत आली, त्यानंतर पहिल्यांदाच. बाकावर बोटं ठोकत म्हणालीस, "मु-लां-नो, ब-सा." आता मराठी बोलायलाही तुला तीच रीत लागते, आणि सवयीने जोर शेवटच्या ठोक्यावर. नव्या पोरांना तू कोण ते ठाऊक नाही. त्यांना वाटलं, आपली नक्कल चाललीय. सगळी हसली.

ताई, त्यांच्याआधी मी हसले.

पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, या कोण?"

मी म्हटलं, "आमच्याकडे असतात."

तू ऐकलंस. पिशवी उचलून गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी दादाला बोलावून घेतलंस. बाहेरच्या पाटीवर तुझं नाव आहे, ते नाव ऐकून येणाऱ्यांना तू अशी दिसू नयेस, अशी मी स्वतःची समजूत घातली. थापा सगळ्या. मला तुझी लाज वाटली. आता माझी वाटते.

काल पोरांना सांगितलं. मंगळवारी आली होती ना, क्लास तिने काढला, मला फ्रेंच तिने शिकवलं, ती माझी सख्खी बहीण. मग तीच मुलगी म्हणाली, "मग तुम्ही का हसलात?"

मी तास तिथेच सोडला.

पोरांना तू हवी आहेस. बुटका तर दादाचा पत्ता मागतोय. मी मात्र 'ये' म्हणायचा हक्क घालवून बसलेय. तू आलीस तर दारातच तुझी ओळख करून देईन. नाही आलीस तर तुझं काही चुकलं असं कुणाला म्हणू देणार नाही, दादालाही नाही.

खाली नेहमीसारखं 'तुझी धाकटी' लिहायला घेतलं होतं. हात थांबला. ते तू म्हणशील तेव्हा लिहीन.