चांदणीच्या दाढा आणि माझी सही

तीर्थस्वरूप राजाराममामांच्या चरणी उन्मेषचा लांबूनच (जवळ यायची हिंमत नाही) साष्टांग नमस्कार. उसाच्या चरकावर आपटलेलं तुमचं कोपर आता बरं असेल, आणि मयूर-रुपालीचा संसार सुरळीत सुरू झाला असेल, अशी आशा. तुम्ही फोन उचलत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंय, म्हणून हे पत्र मामीच्या हाती देतोय. तुमचा चहा पिऊन झाल्यावरच द्यायचं, असं तिला बजावलंय.

आपल्या मयूरच्या, तुमच्या लेकाच्या, वरातीत तुम्हाला काय दिसलं ते सगळ्या माझगावला ठाऊक आहे. त्याआधी काय घडलं ते मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. लग्नाच्या आठ दिवस आधी तुम्ही मला करी रोडला सीताराम घोडीवाल्याकडे पाठवलंत. घरचा भाचा जनावरांचा डॉक्टर असताना घोडी न तपासता नवरदेव बसवायचा म्हणजे काय, असं तुमचं म्हणणं. (माझा दवाखाना दादरला, तोही कुत्र्यामांजरांचा. पण तुम्ही व्याह्यांना 'आमचो उन्मेष हत्तीपण बघता' असं सांगून ठेवलं होतंत, आणि मीही तोंडात मूग धरून बसलो होतो.) सीताराम सरळ माणूस. त्याने आपणहून सांगितलं, की चांदणी पंधरा दिवस घास अर्धवट चावून खाली टाकते, मान वाकडी करून खाते, लगाम चढवला की डोकं झटकते, तेव्हा डॉक्टर, जरा दाढा बघा. लिदीत अख्खे हरभरे पडलेले मला दिसत होते. आता कॉलेजातला पोरगाही सांगेल, की अशा घोडीचे गाल बाहेरून दाबून बघावेत, तोंड धुवावं, जबडा उघडा धरणारा लोखंडी सापळा अडकवावा आणि बॅटरीच्या उजेडात शेवटच्या दाढेपर्यंत बोट फिरवावं. मी सीतारामला फक्त पुढचा ओठ उचलायला लावला, पुढचे दात बघितले आणि 'वय नऊ' असं जाहीर केलं. गल्ली थक्क झाली! (हे घोड्यांचे दलालही करतात. त्याला तपासणी म्हणत नाहीत.) मग उन्हाने भूक मंदावलीय असं ठोकून दिलं आणि तुम्हाला हवा होता तो कागद लिहिला: 'तोंडाची संपूर्ण तपासणी केली. दात व दाढा उत्तम.' खाली सही, शिक्का. दवाखान्यात पेशंट खोळंबले होते, घाई होती, एवढीच माझी सबब. तो कागद तुम्ही व्याह्यांना दाखवलात तेव्हा मी मान खाली घातली होती. ती नम्रता नव्हती मामा.

पुढचं तुम्ही भोगलंत. नवा पितळी लगाम, त्यात बेंजो पार्टीचा दणदणाट, आणि फोटोवाल्याने सांगितलं म्हणून मयूरने डावीकडची दोरी खेचली. ती कळ मस्तकात गेली असणार. चांदणी मागे मागे चालू लागली. वरात नाचत पुढे आणि नवरदेव उलटा परळच्या दिशेने! मयूर मुंडावळ्यांसकट रसवाल्याच्या ताडपत्रीला लोंबकळला, तुम्ही त्याला धरायला धावलात आणि चरकावर पडलात. वर चांदणीने तुमच्या गळ्यातला हार ओढला, दोनदा चावला आणि त्याचा ओला बोळा तुमच्या जोधपुरीवर टाकला. मुहूर्त बावीस मिनिटांनी टळला. मग तुम्ही हॉलचा माइक हातात घेऊन चारशे माणसांसमोर म्हणालात, 'ही घोडी नाय, अवदसा आसा!'

तो बोळा मात्र रुपालीच्या आत्याने, सुमेधाताईंनी, रुमालात उचलला. त्यांचा जन्म घोड्यांच्या दवाखान्यात गेलाय, हे मला तिथे कळलं. (माझं नशीब बघा, चारशे पाहुण्यांत एकच बाई!) त्यांनी तो हुंगला, तसाच शालू खोचून चांदणीचं तोंड उघडलं आणि पाच मिनिटांत मला बोलावून आत बघायला लावलं. डावीकडच्या वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा पात्यासारख्या वाढलेल्या. त्या कडांनी गाल आतून फाडलेला. मागच्या दोन दाढांच्या फटीत कुजका चारा, त्याची घाण. 'शेवटचं कोणी तपासलं हिला?' असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चौकशी करतो. मामा, माणूस किती खाली जाऊ शकतो ते मला त्या वेळी समजलं.

मामीला नमस्कार. कोपराला शेक चालू ठेवा.

आपला (अजूनही म्हणून घेत असाल तर)
उन्मेष

ता.क. खरं काम हे. तुमचं माइकवरचं बोलणं कोणीतरी मोबाइलवर टिपलं, ते लालबागभर फिरलं. चांदणीच्या पुढच्या तिन्ही वराती रद्द झाल्या. अवदसा कोण बोलावणार? सीताराम तिला सोमवारी दलालाला देऊन टाकतोय. रविवारी सुमेधाताई तिच्या दाढा कानशीने घासायला येणार आहेत. तुम्ही या, आणि त्याच मोबाइलवाल्यांसमोर सांगा, की दोष घोडीचा नव्हता, आमच्या भाच्याचा होता.

ता.ता.क. घाईबिई काही नव्हती. त्या दिवशी दवाखान्यात एकही पेशंट नव्हता. मला घोड्याच्या तोंडात हात घालायची भीती वाटते, कॉलेजपासून. आणि सीतारामने अजून एकदाही मला विचारलेलं नाही, की डॉक्टर, तुम्ही दाढा बघितल्या होत्या का? तो विचारणार नाही. मी नुसते पुढचे दात बघितले तेव्हा चांदणीला धरून तोच समोर उभा होता. लग्नात तुम्ही त्याला सगळ्यांदेखत शिव्या घातल्यात तेव्हाही त्याने फक्त माझ्याकडे बघितलं.