नवी गाडी आणि माझी डावी बाजू

ती. अक्का,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (हा कागदावरच घे. प्रत्यक्षात वाकलो, तर मला पुन्हा उभं करायला दोन माणसं लागतील आणि त्यांतलं एक तू असशील.)

तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना वाजतो की नुसता दुखतो, ते नीट कळव. वाजत असेल तर काळजी नाही. बोलकं दुखणं बरं, मुकं दुखणं वाईट. भावोजींचा खोकला थांबला का? त्यांनी औषधाची बाटली पुन्हा पुस्तकांमागे लपवली असेल तर तिसऱ्या फळीवर बघ, मागच्या खेपेला तिथंच होती. सूनबाईंच्या पाठीसाठी खुर्चीत कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवायला सांग. पन्नास वर्षं लोकांच्या गाड्यांतल्या बैठका शिवलेल्या माणसाचा सल्ला आहे, फुकटचा नाही. नातीचे पुढचे दात आले का? आणि गच्चीवरचं म्हातारं मांजर आहे का अजून, की त्याचं विचारायला नको?

इकडे सगळे खुशाल. ‘मीही खुशाल’ असं लिहिणार होतो, पण तू या कागदाकडे बघूनच ओळखलं असशील. ओळी डावीकडे कुठं सुरू व्हायला हव्यात आणि कुठं सुरू झाल्यात, बघ. तेव्हा झाकली मूठ तुझ्यापुढं उघडतोच. अक्का, माझा डावा डोळा गेला. एकदम नाही, कापडाचा रंग उडतो तसा हळूहळू गेला. दोन महिन्यांपूर्वी घरी ‘मशीनच्या सुया आणतो’ असं सांगून मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, दिवा मारला आणि मागची शीर सुकली आहे, आता परत यायची नाही, उजवा जपा, असं सांगितलं. वर, गाडी मात्र आजपासून चालवायची नाही. मी मान डोलावली, सुया घेतल्या (घेणं भागच होतं), आणि गाडी चालवत घरी आलो.

बस, हीच माझी चोरी. तिच्यामुळं पुढचं सगळं रामायण घडलं.

तुला आठवतं, मी नेहमी म्हणतो की माणूस गाडी घेताना कारण एक सांगतो आणि घेतो दुसऱ्याच कारणानं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, सीटखाली डोकं घालून शिकलेलं आहे. गाडीचा मालक काय वाटेल ते सांगेल, सीट खोटं बोलत नाही. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी लांबलचक काळी गाडी घेतली, म्हणाले, सगळ्या कुटुंबाला ऐसपैस होईल. दोन वर्षांनी कव्हर बदलायला आली तेव्हा मागची सीट कोरी करकरीत, आणि ड्रायव्हरची खचलेली, शिवणीत पावाचा चुरा. दुपारचं जेवण ते गाडीत एकटे बसून खात. घरात तेवढी शांतता नसणार. एक ठेकेदार होता, उंच जीप घेतली, रानावनातल्या कामाला लागते म्हणून. तिला बाहेरून चिखल आणि आतल्या पायपुसण्या मात्र नव्याच्या नव्या. मग त्याचा माळी बोलता बोलता बोलून गेला की साहेब बागेतल्या पाइपानं चिखल स्वतः उडवतात. आणि त्या शिक्षिका, नवरा गेल्यावर जुनी गाडी विकून त्यांनी पुन्हा तेच मॉडेल, तोच रंग घेतला. सुटे भाग स्वस्त मिळतात म्हणाल्या. मी शेजारच्या सीटवर पूर्वी होती तशीच गादी शिवून दिली, जरा रुंद.

असा मी लोकांची कारणं उसवत बसणारा. आता माझी वेळ आली.

महिन्याभरापूर्वी आपली जुनी गाडी नळ दुरुस्तीवाल्याला दिली आणि चिरंजीवांनी जाहीर केलं की आता नवी घ्यायची, आणि तीही बाबांच्या पसंतीची. मी हटून बसलो की उंच आणि मोठीच हवी. गुडघ्यांना चढ-उतार सोपी पडते, असं सांगितलं. खरं कारण असं, की शोरूममधल्या बाईंनी सांगितलं होतं, या गाडीत डावीकडं वळायचा दिवा लावला की डाव्या बाजूचं चित्र समोरच्या पडद्यावर येतं. मला वाटलं, देवानंच डोळा पाठवला, तोही हप्त्यानं. तुमच्या वहिनी मात्र (हे ‘तुमच्या’ रागानं लिहिलं आहे, खोडत नाही) त्याच्या उलट हटून बसल्या. लहानच हवी. का, तर झाडायला सोपी. आजवर तिनं गाडी झाडली असेल तर शपथ. मी तसं बोलून दाखवलं. गुरुवारपासून तिनं माझ्याशी अबोला धरला.

आता तू म्हणशील, अबोला काय, तुमच्याकडे ऋतू बदलावा तसा येतो. पण हा अबोला साधा नव्हता. तुला ठाऊक आहे, ती गाडीत शेजारी बसली की आयुष्यभर बोलत आली. सायकल आली, बस निघाली, कुत्रं बसलंय, अहो हळू. तीस वर्षं मी त्या बडबडीवर करवादलो. गेलं वर्षभर मी त्या बडबडीवर गाडी चालवत होतो. ती बोलली नाही की माझ्या लेखी डावीकडे जगच नाही. आणि परवा रविवारी सकाळी दहा वाजता गाडी चालवून बघायला आम्ही निघालो, तेव्हा ती शेजारी बसली होती, पट्टा लावून, तोंड शिवून. मी स्वतः इतकी घट्ट शिवण कधी घातली नसेल.

मागे चिरंजीव आणि शोरूमच्या बाई. बाई प्रत्येक बटणाचं कौतुक करत होत्या. मला घाम. सरळ रस्ता कसाबसा काढला. बँकेपाशी डावीकडं वळायचं होतं. मनात म्हटलं, आता दिवा लावू, पडदा बघू, झालं. सवयीनं उजवी दांडी वर ढकलली आणि कोरड्या काचेवर वायपर करकरायला लागले. (या नव्या गाडीत दिव्याची दांडी डाव्या हाताला असते, वायपरची उजव्या, आपल्या जुन्या गाडीच्या उलट. कुणा शहाण्यानं ठरवलं कोण जाणे.) पडद्यावर काहीच येईना, नुसतं घड्याळ. वायपर बंद करायला गेलो तर पाण्याचा फवारा उडाला. मागून कुणी हॉर्न दिला. मी हिच्याकडं पाहिलं. ती समोर बघत होती. हातातली पिशवी तिनं दोन्ही हातांनी धरली होती, बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, रागानं. आणि अक्का, मी वळलो. न बघता.

‘थांबा.’

एवढंच. ओरडली नाही. पण मी ब्रेकवर उभाच राहिलो. बॉनेटच्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर एक बाई होती, हातात बाबागाडी. बाबागाडीत दोन फुलझाडांच्या कुंड्या होत्या. पण ते मला नंतर दिसलं. आधीचे दोन श्वास मी ज्या जागी होतो, तिथं पुन्हा जायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं, कुंड्या सावरल्या आणि काही न बोलता गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सगळ्यांत आधी शोरूमच्या बाई बोलल्या, बघितलंत, ब्रेक किती सुरेख लागतात. (या बाई आयुष्यात खूप पुढं जातील.) चिरंजीव काही विचारणार, तेवढ्यात ही मागं वळून म्हणाली, ‘चूक माझी आहे. डावीकडचं यांना मी सांगते. आज सांगितलं नाही.’

मुलानं त्याचा अर्थ काय काढावा? तो म्हणाला, आई, हेच तर. तू सारखी सूचना देतेस, त्यानं बाबा गोंधळतात, यापुढं तू मागे बसायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. ज्या फांदीवर मी बसलोय तीच त्यानं तोडली, आणि तीही माझ्या भल्यासाठी. मी बोललो का काही? नाही. मी वायपर कसे थांबवायचे ते बाईंना विचारलं. ब्रेक चांगले म्हणून गाडी तिथल्या तिथं ठरली. येत्या सोमवारी ताब्यात मिळणार.

घरी आल्यावर ती भाजी निवडत बसली. मी समोर बसलो. आपणहून बोलायची माझी सवय नाही, तुला माहीत आहे. पण विचारलं, खरं सांग, लहान गाडी कशाला हवी होती? तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ‘लहान गाडीत डावी बाजू जवळ असते. मला पुरते.’

अक्का, तिला कधीपासून माहीत होतं म्हणून विचारलं, तर म्हणे, वर्ष झालं. कपाच्या डावीकडं चहा ओतायला लागलात तेव्हापासून. मग वर्षभर गाडीत बडबडायचीस ती? ती म्हणाली, आधीची तीस वर्षं सवय होती, हे एक वर्ष काम होतं. आणि रविवारी का गप्प बसलीस? तर तिला वाटलं होतं, आपण बोललो नाही तर मी घाबरून गाडी बाजूला लावीन आणि मुलापुढं खरं काय ते सांगून मोकळा होईन. मी असा वळेन असं तिला वाटलं नव्हतं. हे सांगताना तिच्या हातून भाजीतली देठं टोपलीत आणि पानं कचऱ्यात जात होती. मी पानं उचलून टोपलीत टाकत राहिलो.

मुलाला सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तो आंघोळीला गेला. दुसऱ्यांदा मीच विषय बदलून पावसाळ्यात रेक्झिन कसं फुगतं ते सांगितलं, अर्धा तास. तिसऱ्यांदा तोच आधी बोलला. म्हणाला, बाबा, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांत बसून शिवलंत, घरात आल्या त्याही कुणीतरी बसून जुन्या केलेल्या. ही अशी गाडी आहे की तिच्या सीटवर अजून कुणी बसलेलं नाही. प्लास्टिकसुद्धा काढू नका म्हणून मी शोरूमला सांगितलंय. ते तुम्ही काढायचं, आणि घरापर्यंत तुम्हीच चालवत आणायची. म्हणजे बघ, ऐटीसाठी नव्हे, ऑफिसातल्यांना दाखवायला नव्हे. गाडीचं त्याचं कारण हे होतं, आणि लोकांच्या सीटा वाचणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. आता त्याला कुठल्या तोंडानं सांगू? आणि नाही सांगितलं तर सोमवारी बँकेपाशी पुन्हा वळायचं आहे. या वेळी ही मागे बसणार, तोंड मिटून, आणि रस्त्यावर कुणाच्या बाबागाडीत काय असेल ते मला माहीत नाही.

बाकी सर्व क्षेम. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, मांजराला जे योग्य वाटेल ते.

तुझा धाकटा

ता. क. तुझ्या गुडघ्याखाली घ्यायला एक उशी शिवली आहे. शिवण डावीकडं जरा वाकडी गेली आहे. कुणी विचारलं तर नवी पद्धत आहे म्हणावं.

ता. क. २. आता मुद्द्याचं. तू थोरली, तुझा शब्द या घरात कुणी मोडत नाही. तर तू मला एक खरमरीत पत्र लिही, मुलाच्या हाती पडेल असं. त्यात लिही की आपल्या घराण्यात सत्तरीनंतर कुणी गाडी चालवायची नाही असा नियम आहे. (आपल्या घराण्यात माझ्याआधी गाडीच कुणाकडं नव्हती, तेव्हा नियम मोडल्याचं एकही उदाहरण सापडणार नाही.) मी जरा कुरकुर करीन, मग तुझा मान राखून चावी देईन. डोळ्याचं नाव निघणार नाही, आणि मुलाचं मनही दुखावणार नाही.

ता. क. ३. पाकीट शोधायला ड्रॉवर उघडला तर तिथं एक पाकीट आधीच तयार होतं. वर तुझा पत्ता, हिच्या अक्षरात. चिकटवलेलं नव्हतं. वाचायला नको होतं, पण उजव्या डोळ्याला सवय लागली आहे दोघांचं काम करायची. तिनंही तुला एकच मागणं केलं आहे: यांना कुठली सबब देऊ नका, मुलाला खरं सांगायला सांगा, सांगताना मी शेजारी बसेन. मी ते जसं होतं तसं परत ठेवलं आहे. तेव्हा तुला या घरातून दोन पत्रं येतील, आणि दोन्हीही ऐकता यायची नाहीत. एकच मानायचं झालं तर तिचं मान, अक्का. डावीकडचं तिला जास्त दिसतं. उत्तर मात्र उलट टपालानं पाठव, सोमवारच्या आत.