अक्का, लसीसाठी थांबू नकोस

हैदराबाद,
१२ फेब्रुवारी २००४

प्रिय अक्का,

तुझा रिपोर्ट आला. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर आहे, पण अजून पसरलेला नाही, असं औरंगाबादच्या डॉक्टरबाईंनी काल मला फोनवर नक्की सांगितलं. लगेच किरणांचे शेक सुरू केले तर बरी होशील, असंही म्हणाल्या. संध्याकाळी तुमच्या कुरुंदा गावातल्या दुकानात फोन लावला, तर दाजी म्हणाले, "तिला समदं सांगितलं. पण ती कोणाचं आयकते? म्हणते, शेकानं अंग जळतं, मी न्हाई जात. आमची विशू त्याच बिमारीची लस बनवून राहिली, तीच टोचून घेईन." मागून तुझा आवाज आला, "आन् हळद शिजवायची कोणी? तुमाला चुलवणाचा जाळ तरी बराबर लावता येतो का?" दाजी हसले. मलाही हसू आलं.

दिवाळीत शेंगा फोडता फोडता मी तुला लस समजावली होती. ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो, त्याचं आम्ही नुसतं टरफल तयार करतो, आत दाणा नाही. शरीर ते ओळखून ठेवतं आणि पुढे खरा विषाणू आला की त्याला दारातच अडवतं. तू म्हणालीस, "म्हंजे पोकळ शेंग दाखवून फसवायचं व्हय?" तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत सगळे लसीला शेंगच म्हणतात. मागच्या महिन्यात एक अख्खी खेप वाया गेली, टरफलं जुळलीच नाहीत. पुन्हा पहिल्यापासून. थकायला होतं गं. आधी सशांना, मग माणसांना, मग परवानग्या, वर्षं जातील.

पण खरी गोष्ट ती नाही. दुकानात फोनसाठी लोक खोळंबलेले असताना दाजींना नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. लस उद्या तयार झाली तरी तुझ्या उपयोगाची नाही. एकदा आत शिरलेल्याला ती बाहेर काढत नाही. तुला शेकच घ्यायला हवेत. माझ्यावर विसंबून तू घरी बसलीस, तर मला इथे काम करवणार नाही. लस आली की तुझ्या ऐश्वर्याला टोचू, तेव्हा लेकीचा हात तूच धर. हळद दाजी शिजवतील, कच्ची राहिली तर राहू दे. तेवीस तारखेला, सोमवारी, पहिल्या शेकाची वेळ घेतली आहे. रविवारी सकाळी दाजींबरोबर एसटीत बस. मी संध्याकाळी औरंगाबादच्या स्टँडवर उभी असेन.

तुझ्या कडेवर वाढलेली, तुझीच
विशाखा