कुणाला काही सांगायचंय?

३ मार्च

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

पित्ताच्या खड्यांनी माझा पिच्छा काही सोडला नाही. परवा ऑपरेशन. तू स्वतःच्या आईवर सुरी चालवणार नाहीस म्हणतेस, तेव्हा इथल्याच मोठ्या डॉक्टरांच्या हवाली होते. तुझा धाकटा भाऊ नुसत्या येरझाऱ्या घालतोय. शेंडेफळ ते शेंडेफळच!

डॉक्टरांना नेतृत्व शिकवणाऱ्या त्या शिबिराला तू गेलीस, तेव्हा मी तुला पुढारीणबाई म्हणून किती चिडवलं! पण इतकी वर्षं झाली, तरी ऑपरेशनआधी तू वॉर्डच्या मावशींपासून पेशंटपर्यंत सगळ्यांना, कुणाला काही सांगायचंय का, असं विचारतेस. हे मी शेजारीपाजारी मिरवत असते बरं का.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी आई

२० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू परत गेलीस आणि घर खायला उठलं. टेबलावरच आईचं हृदय बंद पडलं, कुणाचा इलाज चालला नाही, असं आपल्याला सांगितलं होतं. काल तिथल्या नर्सबाई घरी येऊन ओक्साबोक्शी रडल्या. त्या सकाळी आईच्या छातीत जड वाटत होतं. आत नेताना ती त्यांना म्हणाली, की डॉक्टर विचारतीलच, तेव्हा सांगते. माझी मुलगी विचारते ना.

कुणी विचारलं नाही गं. नर्सबाई सांगायला गेल्या, तर डॉक्टरांनी डोळे वटारले, आधी भूल द्या म्हणाले. त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटते. काय करू?

तुझा लोभ आता दुप्पट हवा.

पिटू

२८ मार्च

चि. पिटूस अनेक आशीर्वाद.

माझ्या भरवशावर आई गप्प राहिली, हे मला सोसवत नाही रे. गचांडी धरू नकोस. आपण दोघं मिळून रीतसर तक्रार करू. तिथले डॉक्टर ऑपरेशनआधी हा प्रश्न विचारायला लागेपर्यंत मी पिच्छा सोडणार नाही.

आज पुन्हा कामावर गेले. एका बाईंचं पित्ताशयच काढायचं होतं. सवयीनं विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. आमच्या सिस्टर पूर्वी माझ्यापुढे ब्रही काढत नसत. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, की मॅडम, तुमचे हात थरथरताहेत, आज तुम्ही करू नका. मी हातमोजे काढले. सहकाऱ्यानं ऑपरेशन केलं.

बाहेर त्या बाईंची मुलगी उभी होती. तिला मी सांगितलं, की आई बरी आहे. मग जिन्यात बसून पोटभर रडले.

लोभाचं काय सांगू? आता आपण दोघंच. लवकर ये.

तुझी ताई