सुकन्येचे उपकार मानून होईपर्यंत

मी, दाक्षायणी शिवपुत्र साळवे, वय एकोणसत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणील असे माणूसच उरलेले नाही. डोके ठिकाणावर आहे, बिघडले आहे ते स्वादुपिंड. कर्करोग पसरला आहे आणि इलाज संपले आहेत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. चाळीस वर्षे चौकाचौकात उभे राहून प्रभू येशूच्या शांतीवर भाषणे केली, त्यामुळे थोडक्यात बोलणे मला जमत नाही. ते वाचणाऱ्याने सोसावे.

१. माझा भाऊ मडिवाळप्पा, मुक्काम अक्कलकोट. मी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्याने माझ्या नावाने आंघोळ केली आणि बहीण मेली म्हणून गावाला सांगितले. आता मी खरेच मरणार, म्हणजे ती आंघोळ त्याला पुन्हा करावी लागेल. त्यासाठी एक सोलापुरी टॉवेल, नवा, घडी न मोडलेला, त्याला द्यावा. दुसरे काही देऊ नये.

२. मराठी, कन्नड व इंग्रजी पुस्तके कपाटांसह कॉलनीच्या वाचनालयाला. समासात मी लेखकांशी भांडले आहे. ते खोडू नये.

३. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीने बाईला उपदेशाला उभे राहू दिले ते फक्त महिला रविवारी. बाकीचे रविवार मी रस्त्यावर काढले, आणि रस्त्यावर गर्दी जास्त असे. खांद्याला अडकवायचा माझा लाउडस्पीकर महिला संघाला द्यावा. कमिटीने तो मागायला येऊ नये.

४. इरकली साड्या केराबाईला. मी भाषणांना जाई तेव्हा माझ्या लेकीला तिने सांभाळले, भरवले, बोलायला शिकवले. ती आता केम गावी लेकाकडे असते, डोळ्यांनी दिसत नाही. सुकन्येला ठेवून घेशील का, असे मी तिला फोनवर विचारले. ती रडली. "बाई, मीच आता दुसऱ्याच्या हातानं जेवती. तिला कशी भरवू?"

५. सुकन्या माझी एकुलती एक मुलगी. वय चाळीस, समज पाच वर्षांच्या मुलाची. एकटी राहू शकत नाही. हे मृत्युपत्र खरे म्हणजे एवढ्यासाठीच आहे.

तिची एक रीत आहे. ताट समोर आले की ती हात जोडून देवाचे उपकार मानते. पाठ केलेली प्रार्थना नव्हे. त्या दिवशी जे जे घडले ते सगळे एकेक करून सांगते. वेळ लागतो. भाजी गार होते, भाकरी वातड होते. मध्येच घास भरवला किंवा "पुरे" म्हटले, तर ती ताट सारते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत जेवत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी प्रार्थनासभा होती. प्रत्येकाने आपापली साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायचे. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा सुकन्याच उठली.

"देवबापा, थँक्यू. नळाला पाणी आलं. शेंगाचटणी हाय. आई आजारी हाय. आई आता कुटं जात न्हाय, घरातच असती. लई थँक्यू."

पाळकांना खोकला आला. एक बाई म्हणाल्या, "अगं, असं म्हणू नये!"

"का? खरं हाय की."

मी भाषणे केल्याचा मला पश्चात्ताप नाही. ज्या गावांत मी गेले तिथल्या बायांना ती हवी होती. पण चाळीस वर्षांत माझ्या एकाही वाक्याने समोरची सभा त्या "खरं हाय की"ने झाली तशी गप्प झाली नाही.

प्रार्थनेने माझी काळजी गेली, असे लिहिले तर ते खोटे होईल, आणि मृत्युपत्रात खोटे लिहू नये एवढा कायदा मला कळतो. सुकन्येला कोणीतरी मिळू दे, हे मागणे मी गुडघ्यांना घट्टे पडेपर्यंत मागितले. कोणी मिळाले नाही. एका सकाळी मागायचे बळही संपले, तेव्हा मी लेकीची रीत उचलली. नळाला पाणी आले. आत्ता या घटकेला पाठ दुखत नाही. सुकन्या मुकाट वेणी घालू देते आहे. भीती घरातून गेली नाही, समोर बसून आहे. पण त्या भीतीसमोर मी आता भाकरी खाऊ शकते, सही करू शकते. ज्या शांतीची मी भाषणे केली ती माझ्या वाट्याला एवढीच आली. तिच्याबद्दल मी प्रभूचे उपकार मानते.

६. मडिवाळप्पाचा मुलगा, माझा भाचा महेश्वर याला माझी स्कूटर. बापाला न सांगता तो मला भेटायला येत राहिला. फ्लॅट घे आणि सुकन्येला सांभाळ, असे मी त्याला म्हटले. तो खाली बघत म्हणाला, "आत्या, खोटं बोलून फ्लॅट घेऊ का? रोज तिच्या ताटाजवळ कोण थांबणार? सोनम थांबणार नाही, मीही नाही." सोनम त्याची बायको. त्याच्या खरेपणाचा मला राग नाही.

७. म्हणून फ्लॅट विकावा आणि येणारी सर्व रक्कम अकलूजजवळच्या मतिमंद महिलांच्या ज्या वसतिगृहाशी बोलणे झाले आहे, तिथे सुकन्येच्या नावे ठेवावी. पालक म्हणून मला माणसाचे नाव घालायचे होते. संस्थेचे घालत आहे. तिथल्या अधीक्षिका श्रीदेवीताई सरळ बाई आहेत.

"बाई, आमच्यात बेल झाली की सगळ्या जेवतात. एकीसाठी थांबलं तर बाकीच्या ताटं वाजवतात."

"बाकीच्यांना जेवू द्या की. हिचं गार झालं तरी चालेल. फक्त कोणीतरी जवळ बसा."

"कोण बसणार? आम्ही दोघीच आहोत."

तरीही माझी अट अशी: सुकन्येचे उपकार मानून होईपर्यंत कोणीतरी तिच्याजवळ थांबावे. वकील अजिनाथ म्हणाले, "बाई, ही अट कोर्टात टिकणार नाही."

"न टिकू दे. लिहा."

"मग कशाला लिहायची?"

"कुणीतरी मोठ्यानं वाचेल म्हणून."

८. मला ख्रिस्ती दफनभूमीत नवऱ्याशेजारी पुरावे. सुकन्येला तिथे आणावे. ती माझ्या मरणाचेही उपकार मानेल कदाचित. कोणी तिच्या तोंडावर हात ठेवू नये.

९. हे कलम हाताने लिहीत आहे. साक्षीदार व वकील जेवायला बसले आहेत, वाढून झाले आहे. सुकन्येचे चालू आहे. आत्ता ती उपकार मानत मानत वकिलांच्या बुटांपर्यंत आली आहे. पाळक घड्याळ बघत आहेत. अकलूजला हे होणार नाही, हे मला माहीत आहे. आज होते आहे. मी थांबले आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

(सही) दाक्षायणी शिवपुत्र साळवे
जुळे सोलापूर, १४ फेब्रुवारी २०२५

बाईंनी आमच्या समोर, पूर्ण शुद्धीत सही केली आणि त्यांच्या समोर आम्ही केली. मुलीचे बोलणे संपल्यावर सर्वजण जेवलो.

साक्षीदार:
१. (सही) बाळासो गायकवाड, पाळक
२. (सही) सिद्धप्पा बिराजदार, शेजारी