सोफा वाळेपर्यंत येऊ नका

चामोर्शी, ९ जानेवारी १९८६

आदरणीय देवरावभाऊ यांस धाकट्या लहानूचा जय भीम. वहिनीलेही जय भीम, लेकरांले गोड पापा. आईची तब्येत चांगली आहे, असं आईनंच लिहाले सांगितलं. (ती बाजूलेच बसून आहे. वाचता येत नसलं तरी पेन किती चालला ते बरोबर पाहते.)

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत येतो म्हून तुमचं कार्ड आलं. सहा वर्षांनी येता. आईनं ते कार्ड गल्लीत सगळ्यांकडून वाचून घेतलं, इस्तारी ढिवराकडून तर दोनदा. पण भाऊ, आईचं म्हणणं आहे का तुमी एवढ्यात येऊ नका. सोफा ओला आहे.

कुठला सोफा म्हणाल, तर मागच्या खेपेले वहिनी जाताना म्हणाल्या होत्या का या घरात बसाले जागा नाई. तुमच्या ध्यानातही नसन. आईच्या आहे. इथल्या रेंजर साहेबांची बदली झाली, ट्रकात जागा उरली नाई, म्हून जुना सोफा व्हरांड्यात राह्यला. आई काठी टेकत स्वतः मागाले गेली. घरी आणला तर त्याले कुत्र्याचा वास, सिगारेटचा वास, आन् ढेकूण इतके का आमच्या हेडमास्तरांले चहाले बसवलं तर ते अर्धा कप ठेवून उठले.

पहिले निंबाच्या पाल्याचा धूर दिला. ढेकूण जागचे हालले नाई, आईलेच खोकला लागला आन् दोन दिवस थांबला नाई. मंग उन्हात काढून काठीनं झोडपला. धूळ एवढी निघाली का शेजारच्या गोकुळाबाईनं वाळत घातलेलं धान उचललं आन् दिवसभर मले ऐकवलं. फिनेल शिंपडलं, तर कुत्रा दवाखान्यात भरती केल्यासारखा वास सुटला.

शेवटी इस्तारी म्हणे, बाजेले ढेकूण झाले तर काय करता गुरुजी? तलावात बुडवता, वर दगड ठेवता, दोन दिवसांनी काढता. मले पटलं. (मी बी.ए. झालो आहे हे कोणाले सांगू नका.) चौघांनी नेऊन बुडवला. बाज म्हणजे लाकूड आन् सुतळी, सोफ्याच्या पोटात काथ्या आन् कापूस, हे एकाच्याही डोक्यात आलं नाई. काढाले गेलो तर तो हालेच ना. इस्तारीच्या मच्छीमार सोसायटीचे आठ माणसं लागले, दोर बांधून. वर आला तसे सीटमधून झिंगे निघाले, एक मरळ निघाली. ते इस्तारी घेऊन गेला. सोफा माहा आहे हे त्यानं मानलं, आतले मासे सोसायटीचे.

आता ढेकूण गेले, कुत्रा गेला. गाळाचा वास आन् पाणी तेवढं राह्यलं. बारा दिवस झाले, दिवसा थोडा वाळते आन् पहाटेच्या दवानं पुन्हा भिजते. आई रोज सकाळी हात दाबून पाहते. सीटखाली तिनं वाळ्याच्या मुळ्या कोंबल्या. मी म्हटलं, वाळला का तूच बस ना याच्यावर, खाली बसून तुले धाप लागते. तर म्हणाली, "माह्या बसण्यानं दबला तं? देवरावले बसू दे पहिले." मले तिचा राग आला भाऊ, आन् रडूही आलं. तर आईचा हुकूम असा का सोफा वाळला म्हणजे लहानू कळवीन, मंगच या.

तुमचा,
लहानू

ता. क. नवं कव्हर शिवाले टाकलं आहे. कापड लाल फुलाफुलाचं आहे. आईनं निवडलं, वहिनीनं मले दोष देऊ नये.

ता. क. आणखी. हे पोस्टाच्या पायरीवर बसून लिहून राह्यलो, आईसमोर लिहिता आलं नसतं. सोमवारी तिले गडचिरोलीले दाखवलं. डॉक्टरनं छातीचा फोटो पाहून घरी न्या म्हटलं आन् मले बाहेर बोलवून पंधरा दिवस सांगितले. त्यातले तीन गेले. भाऊ, सव्वीस तारीख लय दूर आहे. हे वाचलं का तू निघ.