धामणपाड्याचा उतार

मु. झाई
ता. ८ फेब्रुवारी २०१८, गुरुवार

प्रिय लाहू,

देवजीचा रामराम. नवशीवहिनींना नमस्कार सांग.

इकडे सगळं ठीक आहे. वारा चांगला आहे, बोंबील दोन दिवसांत कडक वाळतात. मालूचे गुडघे दुखतात, तोंडाला मात्र आराम नाही. आमचा पोरगा नविन जतीनभाईंच्या बर्फाच्या कारखान्यात रुळला. तुमच्याकडे पळस फुलायला लागले असतील. तुला तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. बरंच केलंस म्हणा. उचलला असतास तर मी पुन्हा बोंबलांच्या गप्पा मारल्या असत्या नि फोन ठेवला असता.

दोन महिने मी तुमच्या सायवनला माल घेऊन आलो नाही. आजारी होतो असं मी तलासरीच्या बाजारात सांगितलं. तसा काही आजारी नव्हतो.

अठरा वर्षं दर मंगळवारी मी सुक्या मासळीच्या गोण्या सायकलला बांधून निघत आलो. तलासरी, मग वरोळी नदीच्या कडेकडेने सागाच्या टेकड्यांमधून उधवा, मग धामणपाड्याचा तो चढ. चढावर सायकल ढकलत, तुला नि देवाला शिव्या देत तुझ्या दारात यायचो. रात्री तुझ्याकडे भाकरी, बुधवारी सकाळी रिकामी सायकल घेऊन कासा, विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या पाया पडायचं आणि डहाणूवरून घरी. माल खपला की देवीला सांगून घरी जायचं, हा आमच्या घरचा रिवाज. बा पण असाच जायचा. उलट्या बाजूने मी कधी गेलोच नाही. कशाला जाईन?

हे एवढं लांबण का लावतोय ते तुला कळलं असेल.

जतीनभाईंच्या सायकल क्लबाला सत्तर किलोमीटरचा रस्ता हवा होता, नदी हवी, टेकड्या हव्या, ट्रकांची वर्दळ नको. मी माझा मासळीचा रस्ताच त्यांना कागदावर काढून दिला. कुठे सावली, कुठे विहीर, कुठे कुत्री मागे लागतात, सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. लाख लाख रुपयांच्या सायकली असलेली पोरं मला ‘रूटवाले काका’ म्हणायला लागली. आजवर मला सगळे ‘ए सुकटवाला’ म्हणत आलेत.

तुला मी सांगितलं होतं, चढाच्या माथ्यावर वडाखाली लाल फडकं घेऊन उभा राहा, कारण चढून दमलेल्या पोरांना समोरून येणारी जीप दिसत नाही. तू हसून म्हणालास, “फडकं कशाला, मलाच बघून जीप थांबंल.”

मग फेरीच्या आदल्या गुरुवारी जतीनभाई म्हणाले, “देवजीभाई, रूट उलटा फिरवू या. सकाळी विवळवेढ्याला दर्शन, शेवटी उतार, पोरं खूश. चालेल ने?”

मी म्हणालो, “चालेल. रस्ता तोच आहे.”

त्यांनी पुन्हा विचारलं, “उलट्या बाजूने बघितलाय ने तुम्ही?”

“अठरा वर्षं बघतोय,” मी म्हणालो.

लाहू, मी बघितला नव्हता. आणि दिशा फिरली हे तुला कळवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात तो रस्ता म्हणजे चढ. चढाकडे येणाऱ्या माणसाला ती खालची ओढ्यावरची मोरी चढाआधी, सपाट जमिनीवर लागते. कठडा नाही, पण सायकल हातात धरून चालणाऱ्याला कठडा कशाला लागतो? तिथे बसून मी शेकडो वेळा पाणी प्यायलोय.

सतरा डिसेंबरला काय झालं ते तुला माहीत आहे. तू सांगितल्या जागी, वडाखाली, पहाटेपासून उभा होतास. पोरं अनपेक्षित बाजूने आली तरी तू फडकं हलवून त्यांना वाट मोकळी असल्याचं दाखवलंस. क्लबातली ती पूर्वी नावाची पोरगी सगळ्यांत पुढे होती. ती मोरीवरून सायकलसकट खाली दगडांत गेली.

त्यानंतरचं तुला माहीत नाही. तुला वाटतं, लोकांनी आपसांत काहीतरी जुळवलं. तसं झालं नाही. पूर्वीला गाडीत घातल्यावर जतीनभाईंनी मला दंडाला धरून विचारलं, “मोरीवर कोण उभं होतं?” आणि मी म्हणालो, “लाहू. त्याला तिथेच सांगितलं होतं.”

माझ्या तोंडून गेलं. विचार करून गेलं नाही, पण गेलं. मग कोणीतरी म्हणालं, तो तर वर वडाखाली दिसला. दुसरा म्हणाला, तिकडे ताडीची झाडं आहेत. मी तिथेच उभा होतो, लाहू, आणि गप्प बसलो. तू ताडीला शिवत नाहीस हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? जतीनभाईंनी तुला त्यांच्या चिकूच्या वाडीवरच्या कामावरून काढलं त्या दिवशीही गप्प बसलो. नविनची नोकरी जाईल, मासळी कोणी घेणार नाही, पोलीस मला नेतील, अशी रोज नवी कारणं शोधत राहिलो. खरं कारण एकच, मला त्या पोरांसमोर मूर्ख ठरायचं नव्हतं.

गेल्या रविवारी मी सायवनला आलो होतो. तू वीटभट्टीवर गेला होतास. वहिनींनी तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, “पाणी घ्या. आमचा माणूस ताडी पीत नाय, तुमाला म्हाईत हाय. मग बोलला का नाय तुमी?” पाणी पिऊन निघालो आणि वडापासून सायकलवर बसून खाली सुटलो. आयुष्यात पहिल्यांदा.

काय सांगू तुला. पहिला उतार सोपा आहे, उलट मजा येते, वारा तोंडावर येतो आणि समोर सगळी नदी दिसते. माणूस नदीच बघत राहतो. मग आंब्याच्या आड वळण येतं आणि वळण संपतं तिथेच मोरी. मी ब्रेक दाबले तर नुसते किंचाळले. दोन्ही पाय जमिनीला घासत, चपलेचा अंगठा तुटला, मोरीच्या काठाला हातभर अंतरावर थांबलो. माझी ही जड, म्हातारी सायकल, आणि मी जपून येत होतो. त्या पोरीची सायकल वाऱ्यासारखी. तिची काय चूक? तुझी काय चूक? मी तिथे बसून रडलो, हेही लिहून ठेवतो.

पूर्वीच्या कमरेचं दुसरं ऑपरेशन झालं. ती काठी घेऊन चालते. तिच्या वडिलांनी तक्रार दिली आहे आणि तक्रारीत नाव तुझं आहे. सोमवारी, बारा तारखेला सकाळी अकरा वाजता तलासरीला आपल्या दोघांना जबाबाला बोलावलंय. तुझा कागद आला असेलच. माझ्या कागदावर मी साक्षीदार आहे, तुझ्याविरुद्ध.

काल मालूला सगळं सांगितलं. तिने वाळत घातलेले बोंबील उलटले. मग म्हणाली, “तुमच्याच्यानं होत नसंल तर मी जाऊन सांगते.” नविनही शेजारीच होता. तो म्हणाला, “नोकरीचं माझं मी बघेन, बाबा.” त्यामुळे माझ्याकडे आता कारण उरलेलं नाही.

सोमवारी मी खरं सांगायला येणार आहे. दिशा बदलली ते तुला सांगितलं नाही, उतार बघितला नव्हता, आणि तुझं नाव मी खोटं घेतलं. पण लाहू, मला माझीच भीती वाटते. दोन महिने रोज सकाळी मी ठरवतोय की आज बोलायचं, आणि दुपारपर्यंत माझी जीभ आत जाते. तिथे जतीनभाई असतील, पूर्वीचे वडील असतील, टेबलामागे साहेब असतील. ऐन वेळी मी पुन्हा बोंबलांचं बोलायला लागलो तर?

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. मालू उद्या एस.टी.ने येऊन तुझ्याच हातात देईल. फाडू नकोस, चुलीत घालू नकोस. सोमवारी खिशात ठेवून ये. मी बोललो तर मला परत दे. नाही बोललो, तर साहेबांच्या टेबलावर ठेव आणि माझ्याकडे बघूही नकोस.

माफी मागत नाही. ती सोमवारनंतर मागायची गोष्ट आहे.

‘तुझा’ लिहायचा हक्क आज नाही, म्हणून पूर्ण नाव लिहितो.

देवजी गोविंद तांडेल
वय ४७, धंदा सुकी मासळी
मु. झाई, ता. तलासरी

वरचं सगळं मी वाचलं. खरं आहे.
मालू देवजी तांडेल